पुरौनीतली छत्री

रायपूरपासून राजनांदगावपर्यंत माझ्या थोरल्या साडूइतका संशयी माणूस नाही, आणि त्याचा सगळा संशय अळंबीवर! माणसांवर तो डोळे मिटून विश्वास ठेवतो. पण लग्नातल्या मटर-मशरूमचा तुकडाही चमच्याने उलटा करून पाहतो, मागे रांग तुंबली तरी. सिव्हिक सेंटरच्या हिरवळीवर तो गुडघे टेकून बसला, की किल्ली हरवली समजून चार जण शोधायला लागतात. हा मात्र पांढऱ्या छत्रीचा देठ हुंगत असतो! घरी काळ्या कागदावर छत्र्या, त्यांवर उपड्या वाट्या. "हात नको लावू, भुकटी पडून राहिली!" छत्रीखालून कागदावर झडलेली भुकटी गुलाबी पडली तर ती वारुळावरची, खायची, हिरवट पडली तर तिची सोंगाडी बहीण, ओकवून ओकवून आडवं करणारी.

मी या गावात रिकाम्या हाताने आलो आणि घासाघीस करून दुकान उभं केलं. कॅम्प-१ च्या बाजारात मला पाहून भाजीवाल्या तोंड फिरवतात. मुलीच्या सासरचे पहिल्यांदा जेवायला येणार, त्या दिवशी मी अळंबीवालीला असं पिळलं, की तिने वैतागून शेजारच्या टोपलीतली मूठभर वरून टाकली. "ले न भइया, पुरौनी घलो ले, फेर अब जा!" फुकटची पुरौनी! मी छाती काढून घरी आलो.

व्याही टेबलाशी बसले, तेल तापलं, आणि साडू स्वयंपाकघरात घुसला.

"याच्या देठाले कडं हाय! वारुळावरचीले कडं नसते, लांब मूळ असते. कुठून आणली?"

"पुरौनीत मिळाली."

"म्हणजे भाव पाडू पाडू तू जहर घेऊन आला, बापा!"

तेही व्याह्यांसमोर! वर चांगली अळंबीसुद्धा त्याने कचऱ्यात ओतली. "मिसळलं ते गेलं." व्याह्यांना बटाटा वाढला. त्या चांगल्या मालाचं भांडण माझ्याकडून अजून मिटलेलं नाही.

यंदा पुन्हा भाव पाडला, पुरौनी वेगळी बांधली आणि थेट नंदिनी नगरला त्याच्या दारात गेलो. त्याची नजर आता पार अधू झाली आहे. खाटेवर बसून त्याने एकेक देठ, एकेक मूळ बोटांनी चाचपलं. पुरौनी हुंगून बाजूला फेकली. मग उरलेल्यांची परात माझ्याकडे सरकवली.

"बोटाले रंग समजत नाही. तू पाह्य. खालच्या पात्यांवर हिरवट झाक हाय काय?"

मी खिडकीशी नेऊन एकेक छत्री उलटी केली. पुन्हा केली.

"नाही, दादा."

"घाल मग शिजत," तो बायकोला म्हणाला.

माझ्या नुसत्या शब्दावर बाजारात कोणी कधी माल उचलला नाही. त्याने मात्र पुढे एकही प्रश्न न विचारता पहिला घास घेतला. आणि तो चघळत होता तेवढा वेळ, परातीतली एकेक छत्री मी मनात पुन्हा उलटून पाहत होतो.