काकूंची किटली आणि माझा बझर

हसायचं असेल तर आधीच हसून घ्या. मध्येच हसलात तर मला पुढचं सांगवणार नाही, इतका मोठा गाढवपणा आहे हा!

मी मूळचा अकोल्याचा. स्वभाव चौकस. लहानपणी घरातला रेडिओ उघडून बसायचो, आता पुण्यात आयटीत नोकरी करतो आणि सुट्टीच्या दिवशी कात्रजच्या फ्लॅटमध्ये सोल्डरिंग गन घेऊन बसतो. आमची बायको प्रज्ञा म्हणते, "बाहेर तरी जात नाहीस, म्हणून गप्प आहे मी."

तर आमच्या बिल्डिंगमध्ये पाचव्या मजल्यावर सुमतीकाकू एकट्या राहतात. वय अठ्ठ्याहत्तर, पण जीभ विशीतली. मुलगी मेधा बेंगळुरूला. तिचा एकच धोशा, आई, तुला काही झालं तर कुणाला कळणार? इकडे ये. काकूंना तर पुणं सोडायचंच नाही. शेवटी मेधाने निर्वाणीचं सांगितलं, "काहीतरी सोय कर, नाहीतर दिवाळीनंतर मी न्यायलाच येते."

काकूंचा उतरलेला चेहरा बघवेना हो! मी छाती पुढे काढून म्हणालो, "काकू, मी करतो सोय."

कल्पना साधी होती. काकू रोज सकाळी सातला विजेच्या किटलीत चहाचं पाणी ठेवतात. म्हणजे किटलीच्या वायरमधून करंट गेला की समजायचं, काकू उठल्या. साडेसातपर्यंत गेला नाही, तर खाली पहिल्या मजल्यावर माझ्या घरी बझर वाजणार. मेधाला पटलं. "महिनाभर बघू, मग ठरवू," म्हणाली. काकूंचं पुण्यात राहणं आता माझ्या बझरवर!

गेलो तापकीर गल्लीत, इलेक्ट्रॉनिक्सच्या बाजारात.

"बझर द्या."

"ॲक्टिव्ह की पॅसिव्ह?" दुकानदाराने मान वर न करता विचारलं.

"फरक काय?"

"एक वीज दिली की आपणहून ओरडतो. दुसऱ्याला कसं ओरडायचं ते तुम्ही शिकवायचं."

"चांगला कुठला?"

"तुम्हाला शिकवता येतं?"

"हो तर!"

"मग मला कशाला विचारताय?"

दोन्ही घेतले. पॅसिव्हला मी हौसेने सनई शिकवायला बसलो. दोन दिवसांनी प्रज्ञा म्हणाली, "डासाला सर्दी झाल्यासारखं वाटतंय." मग ॲक्टिव्हच ठरला.

आता करंट सेन्सर. एक प्रकार असा की वायर कापून मध्ये जोडायचा. दुसरा तारेभोवती बांगडीसारखा बसतो, कापाकापी नाही. "माझ्या किटलीला कात्री लावलीस तर बघ," काकूंनी बजावलं, म्हणून बांगडीवाला आणला. तो मी आधी दोन्ही तारांवर मिळून चढवला, तर रीडिंग शून्य! किटली उकळतेय आणि आकडा शून्य! असं का बरं? खोदत बसलो तेव्हा कळलं, जाणारा आणि परत येणारा करंट एकमेकांना खोडून टाकतात, बांगडी एकाच तारेला घालायची. आहे की नाही गंमत? ऑफिसात मी प्रत्येकाला थांबवून हे सांगितलं. कुणाला काही गंमत वाटली नाही.

मग सगळं सुरळीत सुरू झालं. काकूंकडचा सेन्सरचा डबा सेलवर, माझ्याकडचा बझर घरच्या प्लगवर, मधला निरोप बिनतारी. रोज सातला किटली तापायची आणि मी मेधाला मेसेज टाकायचो, 'काकू उठल्या.' महिना भरत आला होता.

आणि एका गुरुवारी साडेसातला बझर ओरडला.

"प्रज्ञा, काकू!" एवढंच तोंडातून निघालं. अनवाणी धावलो. लिफ्टचं बटण दाबलं, लिफ्ट येईना. मेली नेमकी आजच बंद पडायची होती! जिन्याने धापा टाकत पाचवा मजला गाठला आणि काकूंची बेल दाबली. आत चिडीचूप. पुन्हा दाबली. काहीच नाही. काकूंचा मोबाइल कायम सायलेंटवर, म्हणून घरच्या फोनवर लावला, तर रिंगसुद्धा जाईना. बाप्पा रे!

समोरचे पाटीलकाका बाहेर आले. त्यांनीही बेल दाबून बघितली आणि मान हलवली. मागोमाग प्रज्ञा आली, तिनेही दाबली. आम्ही सगळे कुजबुजत होतो. अशा दारात मोठ्याने कोण बोलतं? पाटीलकाका हळूच म्हणाले, "माणूस चांगला होता हो," आणि कुलूप तोडायला हातोडी आणायला गेले.

मी मेधाला फोन लावला. "मेधा, धीर धर..."

पलीकडून हुंदका. "मी निघते दादा, मिळेल त्या विमानाने निघते." मग एकदम, "दार वाजवलंत का?"

"कधीची बेल दाबतोय!"

"बेल नाही. दार. हाताने."

मी हाताने दार वाजवलं.

लगेच उघडलं! काकू उभ्या, हातात चहाचा कप. मी तर रडायलाच लागलो.

"काय रे मिलिंद? कोण गेलं?"

"काकू, तुम्ही... किटली... बेल..."

"लाइट नाहीये. गुरुवार आहे आज. दुरुस्तीसाठी जाणार म्हणून काल ग्रुपवर मेसेज होता, त्याला तू अंगठाही टाकलायस. चहा गॅसवर केला आणि मागच्या बाल्कनीत पीत बसले होते."

लाइट! लिफ्ट बंद, बेल बंद, वायफायवरचा घरचा फोन बंद, आणि किटलीही! आमच्याकडे इन्व्हर्टर आहे हो, लाइट गेलेली कळतच नाही. महिनाभर विजेचा प्रवाह मोजला मी, पण वीज आहे का हे बघायचं सुचलं नाही!

मग आठवलं, मेधा फोनवरच आहे. तिने सगळं ऐकलं होतं. संपलं! माझ्यापायी काकूंचं पुणं सुटलं. काकूंनीही कप खाली ठेवला. मी कसाबसा स्पीकर चालू केला.

"आई," मेधा नाक पुसत म्हणाली, "तुला न्यायचं रद्द. तू तिथेच राहा."

"म्हणजे पटली ना तुझी खात्री?"

"पटली. आणि त्या बिल्डिंगमध्ये एक तरी शहाणं माणूस राहायला नको का?"

आख्खा मजला हसला. सगळ्यात आधी आमची प्रज्ञा.