बीपीची रांग

डोंगर खाली आला तेव्हापासून वरच्या वाडीतली माणसं उरवड्याच्या रस्त्याला पत्र्याच्या शेडांत राहतात. मी तिथली आशा सेविका. दर गुरुवारी शहरातून एक समुपदेशक मॅडम यायच्या, अंगणवाडीच्या खोलीत माश्या मारत बसायच्या आणि परत जायच्या. येणार कोण? 'येड्यांची डॉक्टरीन' असं त्यांचं नाव पडलेलं. त्यांच्या दारात कुणी दिसलं की घरातल्या पोरीचं लग्न जमायची पंचाईत.

मग मी शहाणपणा केला. घरोघर सांगत सुटले, "बीपी तपासायचंय, गुरुवारी या." बीपीला कुणी लाजत नाही. मी मोजायचं आणि जो मनानं खचलेला दिसेल त्याला हळूच मॅडमकडे बसवायचं, असं आमचं ठरलं. रांग लागली की हो! मी अशी फुशारले की काय सांगू!

रांगेत एक मावशी होती. तिची जाऊ मातीखाली गेली. दोघींची चूल एकच होती. दंडाला पट्टा बांधताना ती हळूच म्हणाली, "ताई, पत्र्यावर पाऊस वाजला का डोंगर आल्यागत वाटतंय. आत थांबवतच न्हाई. भाईर जाऊन भिजत उभी ऱ्हाते." मॅडमकडे पाठवायचं ते हेच माणूस. पण मागून बाया ओरडत होत्या, "आटपा की वो!" आणि मशीनवर आकडा अगदी नॉर्मल आला. सगळ्यांदेखत मी बोलून गेले, "मावशी, तुमी ठणठणीत हाय! चला, पुढचं कोण?" जळलं मेलं माझं तोंड.

दोन दिवसांनी पाऊस लागला. मावशी बाहेर आली, तसं पिरंगुटला कंपनीत जाणाऱ्या तिच्या मुलानं तिला दंडाला धरून आत नेलं. "आशाताईंनी तपासलंय. काय झालं न्हाई तुला. नाटकं बास!" बाहेरून कडी घातली. मग पाऊस आला की कडी, हे रोजचंच झालं.

पुढच्या गुरुवारी शेजारणीनं हे सांगितलं तशी मी मॅडमना घेऊन पळत गेले. कडी मीच काढली. पाऊस थांबून तास झाला होता, तरी मावशी कोपऱ्यात कानांवर उशी दाबून बसलेली. मला माझीच लाज वाटली. मॅडम तिच्याशेजारी टेकल्या. म्हणाल्या, "काय त्रास होतोय, मला सांगाल?"

मावशीनं उशी खाली ठेवली. मॅडमकडे तिनं पाहिलंच नाही, माझ्याकडे बघत राहिली.

"मला काय इचारता? ह्या ताईंनी तपासलंय की. मी ठणठणीत हाय."