बिस्किटाच्या डब्यातला शिक्का

प्यो ग्यंग-सिल पहिल्या दिवशी वर्गात आली तेव्हा आम्हाला वाटलं, कुणाची तरी आईच डबा घेऊन आलीय. वय चव्वेचाळीस, आणि त्याआधी अठरा वर्षं डोंगरातल्या गावांत पोस्टमन. आमचं लॉ कॉलेज नवंकोरं होतं आणि कायदा सोडून भलतंच काही केलेली माणसं घ्यायचीच, असा त्याचा नियम होता. म्हणून मी इंजिनिअर तिथे होतो, एक नर्स होती आणि ही ताई. परीक्षेत ती शेवटून दुसरी. मी पहिला, आणि ते मी कुणाला विसरू देत नसे.

दर शनिवारी मेंग सर आम्हाला गावोगावी फुकट सल्ला द्यायला नेत. "पुस्तकातलं अशील रडत नाही," म्हणत. गामगोल गावात, जिथे ताईने पूर्वी टपाल वाटलं होतं, ताक आडनावाच्या एक आजी आल्या. त्यांची पर्सिमन फळांची बाग पुतण्याने, म्हणजे गावच्या सरपंचानेच, दोन वर्षांपूर्वी बक्षीसपत्र करून आपल्या नावावर घेतली होती. आजींना ते आत्ता कळलं होतं. आमच्याकडे सहीऐवजी ज्याच्या त्याच्या नावाचा शिक्का उठवतात, आणि बक्षीसपत्रावर आजींचा होता.

"कागदावरचा शिक्का तुमचाच ना?" मी विचारलं.

"माझाच. पण मी नाही उठवला रे."

"आजी, शिक्का तुमचा म्हणजे कागदही तुमचाच, असं कोर्ट धरून चालतं. दुसऱ्याने उठवला, हे तुम्हाला दाखवावं लागेल." मला माझंच कौतुक वाटलं. आजी मान खाली घालून बसल्या.

तेवढ्यात ताईने विचारलं, "शिक्का तेव्हा सरपंचांकडे, बिस्किटाच्या डब्यातच होता ना?"

गावातल्या सगळ्या म्हाताऱ्यांचे शिक्के त्या डब्यात असत. शेताचं सरकारी खत आलं, रजिस्टर टपाल आलं, की सरपंच तिथल्या तिथे उठवायचा. म्हाताऱ्यांची पायपीट वाचायची. आता मात्र तो म्हणत होता, काकूचा शिक्का कायम काकूच्याच कमरेला. गावात त्याच्याविरुद्ध बोलणार कोण?

परतताना गाडीत ताई म्हणाली, "सर, साक्ष मी देते. डब्यातला आजींचा शिक्का मी स्वतः पोचपावत्यांवर उठवलाय. त्यांचं घर पार टेकडीवर. मला चढायचा कंटाळा यायचा."

"हे नियमाबाहेर होतं. उद्या तुमच्या सनदेच्या आड येईल," सर म्हणाले.

"येऊ दे."

"वेड लागलंय का ताई?" मी म्हणालो. "शेवटून दुसरी, त्यात हे!"

"मग पहिल्या नंबरवाल्याने द्यावी साक्ष. आहे काही माहिती?"

कोर्टात पुतण्याचा वकील गरजला, "म्हणजे खोट्या पावत्या केल्यात तुम्ही?"

"हो. अकरा."

त्यातली एक बक्षीसपत्राच्याच दिवसाची निघाली, म्हणजे त्या दिवशी शिक्का डब्यातच होता. बाग आजींना परत मिळाली. ताईची सनद पुढे वर्षभर अडली. तिने कधी कुरकूर केली नाही. मला मात्र आजही त्याचा राग येतो.

निकालाच्या दिवशी कोर्टाच्या पायऱ्यांवर आजींनी कमरेची पिशवी सोडली आणि शिक्का ताईच्या हातावर ठेवला. "माझ्याकडून हरवेल गं. आता तूच सांभाळ."

ताईला चिडलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं. तिने आजींची मूठ उघडली, शिक्का आत ठेवला आणि एकेक बोट मिटवलं.

"नाही आजी. कागद आला की निरोप धाडा. मी वर चढून येईन. शिक्का तुम्हीच उठवायचा."