तात्यांनी कोरलेला बाण

मायक्रोस्कोपला डोळा लावण्याआधी तात्या मिनिटभर डोळे मिटून बसत. कारखान्यात ठोकाठोक चालू असो, शेठ डोक्यावर उभा असो, मिनिट म्हणजे मिनिट. "तात्या, झोपलात की काय?" असं मी एकदा विचारलं, तर डोळे न उघडताच म्हणाले, "थांब गे बाय. डोळ्यांका आधीचा सगळा विसरूंदे."

साकीनाक्याच्या त्या गाळ्यात, विजेच्या ठिणग्यांनी धातू कोरणाऱ्या स्पार्क मशीनवर केसाहून बारीक भोक पाडणारे ते एकटेच. मूळचे मालवणकडचे, हात तयार झाला तो गिरणीच्या वर्कशॉपमध्ये. मी बोरीवलीहून आरेमार्गे बस बदलत यायची. संशोधनाला नुकतीच लागले होते, त्यामुळे तोरा भरपूर आणि धीर कमी.

मला इलेक्ट्रॉनच्या शलाकेची जाडी मोजायची होती. परदेशातल्या एका प्रयोगशाळेत ही शलाका मोठ्या कड्यातून गरगर फिरते आणि वळताना क्ष-किरण फेकते. ते किरण बारीक भोकातून चमकणाऱ्या पडद्यावर पाडले की शलाकेचा ठिपका उमटतो. तो कॅमेऱ्याने टिपायचा आणि मोजायचा. पण भोक जसं असेल तसा ठिपकाही सुजतो. म्हणून टंगस्टनच्या पत्र्यातलं हे भोक गोल हवं होतं. तिथे मला दोनच दिवस मिळणार होते.

निघायच्या आदल्या दिवशी दुपारी तात्या मायक्रोस्कोपवरून उठले. "बाय, होल गोल नाय इलो. उभो पन्नास मायक्रॉन, आडवो सत्तर."

दुसरं भोक पाडायला वेळ नव्हता. तात्यांची दोन कामं आधीच परत आली होती. आता तिसरं बिघडलं तर मशीन काढून घेईन, असं शेठने सगळ्यांदेखत बजावलं होतं, आणि प्रत्येक कामासोबतची मापाची चिठ्ठी त्याच्या सहीनेच बाहेर जायची. मी हळूच म्हटलं, "चिठ्ठीवर पन्नास-पन्नास लिहा ना. खरं माप मला कळलंय."

"तुका कळला. तुझ्या मागसून येतलो, तेका कोण सांगतलो?"

"तात्या, मी तुमच्या पोटापाण्याचं बोलतेय!" मी चिडलेच.

"पोटाक खिडक्यांच्या ग्रिलांचा काम पुरता." त्यांनी दोन्ही मापं लिहिली आणि जिथे भोक रुंद होतं, ती दिशा दाखवणारा बाण पत्र्यावर कोरला. शेठने चिठ्ठी वाचली आणि सही केली.

परदेशातल्या त्या प्रयोगशाळेत पडद्यावर आडवा, फुगलेला ठिपका उमटला. तिथले शास्त्रज्ञ म्हणाले, शलाकाच बिघडलीय, चुंबक तपासावे लागतील. माझे दोन दिवस त्यातच गेले असते. मला बाण आठवला. पत्रा फिरवून बाण उभा केला, तर ठिपका आडवा आकसला आणि उभा वाढला. म्हणजे ती सूज बरीचशी आमच्या भोकाची होती. चिठ्ठीवरच्या मापांनी ती वजा केली, तेव्हा शलाकेची खरी जाडी हाती आली.

परतल्यावर घरी बॅग टाकून थेट साकीनाका गाठला. स्पार्क मशीनवर कोणी दुसराच बसला होता. तात्या गाळ्याबाहेर उन्हात खिडक्यांच्या ग्रिलांना कानस मारत होते. मला बघून आधी विचारलं ते हेच: "पत्रो फिरवून बघलंस मां?"

मी सगळं सांगितलं. तात्यांनी कानस खाली ठेवली आणि मिनिटभर डोळे मिटले. मग म्हणाले, "बरा झाला," आणि पुन्हा कामाला लागले. त्यांना खोटं लिहायला सांगितल्याची माफी मागायला मी आले होते. ती राहूनच गेली.