त्याले बोलू द्या

वाजवता वाजवता मास्तर मध्येच क्लॅरिनेट ओठांवरून काढायचे आणि ढोलकवाल्याकडे हनुवटी करून म्हणायचे, "थांबा. त्याले बोलू द्या." आम्ही गप्प व्हायचो आणि तिरोडीचा तो ढोलकवाला एकटा सुटायचा. तिकडे नवरदेव घोडीवर ताटकळला तरी मास्तरांना फिकीर नसायची.

त्या काळी बालाघाटच्या वरातीत नाचला असाल, तर आमच्याच बँडवर नाचला असाल. मी बँजो वाजवायचो. सिनेमाच्या गाण्यांपलीकडे आमची उडी नव्हती. मग मलाजखंडच्या एका इंजिनियरनं मास्तरांना जॅझच्या तबकड्या ऐकवल्या. मास्तर झपाटल्यासारखे परत आले. ते लोक वाजवताना एकमेकांचं ऐकतात, हेच सगळ्यांना सांगत फिरले.

त्यानंतर ते स्वतः चाली बांधू लागले. त्यात राग असायचा, धानाच्या रोवणीची गाणीही असायची. आमचा हात सुधारला आणि लग्नाच्या सुपाऱ्या आटल्या. मास्तरांच्या घरी त्यावरून जे बोललं जायचं, ते इथं लिहिण्यासारखं नाही.

नागपूरला जाऊन आमच्या चालींची कॅसेट करायचं ठरलं. जायच्या तोंडावर लालबर्ऱ्याच्या रस्त्यावर जीप उलटली आणि ढोलकवाल्याचा उजवा हात कायमचा अधू झाला. स्टुडिओवाला दुसरा वादक देत होता, मास्तरांनी घेतला नाही. आम्ही ढोलकाशिवाय वाजवलं, आणि त्याची एकट्याची पाळी आली तिथं सगळे गप्प राहिलो. लोक टेप खराब आहे म्हणतील, असं मी चिडून म्हणालो.

"म्हणू दे. ते जागा त्याची आहे."

लोक तसंच म्हणाले. दुकानदारांनी कॅसेटी परत केल्या आणि बँड मोडला. ढोलकवाल्याला वाटलं, हात जाताच मास्तरांनी आपल्याला वगळलं. त्यानं बोलणं टाकलं आणि कॅसेटला हातही लावला नाही.

"काहून गप्प बसता? सांगून द्या न त्याले," मी कितीदा म्हणालो.

"ऐकंल तवा समजंल त्याले."

दोन शब्दांचं काम होतं. मास्तरांच्या या हट्टाचा मला अजूनही राग येतो.

मास्तर गेले. तेरावं झाल्यावर मी टेपरेकॉर्डर घेऊन तिरोडीला गेलो. ढोलकवाला खाटेवर तोंड फिरवून बसला. मी तरीही कॅसेट लावली. क्लॅरिनेट रंगात आलं आणि थांबलं. नुसती टेपची खरखर उरली. त्यानं मान वळवली.

"इथं कोण वाजवते?"

"कोणीच नाही. मास्तर तुझ्यासाठी थांबले आहेत."

त्याचा डावा हात खाटेच्या लाकडावर आला, बोटं चाचपडली. ठेका धरेपर्यंत क्लॅरिनेट पुन्हा सुरू झालं होतं.

"मांगं घे, भाऊ," तो म्हणाला.