मायच्या सुराची चिठ्ठी

मी काही गोड गळ्याची बाई नाही, आणि गोड बोलायचीही मला सवय नाही. तरी बाबांनी मला दोन वर्षं गायला लावलं.

अकोल्याला मोर्णेच्या काठी आमचा मळा होता, वांगी, मेथी आणि शेवंतीचा. वऱ्हाड तेव्हा मध्यप्रांतात होतं. मिशनच्या बंगल्यावरच्या मडमेला भाजी आमच्याकडूनच जायची. ती आपल्या देशी परत निघाली तेव्हा तिनं तिची पेटी बाबांना देऊन टाकली, कारण बाबा भजनात पेटी वाजवायचे. पेटीच्या प्रत्येक पांढऱ्या पट्टीवर कागदाची चिठ्ठी होती आणि चिठ्ठीवर एकेक इंग्रजी अक्षर. बाबांना पट्ट्या ठाऊक होत्या त्या काळी चार, पांढरी सहा अशा.

सुरांना अक्षरं कशाला, असं मी मडमेला विचारलं होतं. ती मोडक्या मराठीत म्हणाली, फार पूर्वी लिहिणाऱ्यांनी सगळ्यात खालच्या सुराला पहिलं अक्षर दिलं आणि वर मोजत गेले. सातानंतर तोच सूर उंचावर परत येतो, म्हणून अक्षरंही पुन्हा पहिल्यापासून. तीन सूर एकदम दाबले तरी नाव एकाचंच, ज्याच्यावर बाकीचे उभे असतात त्याचं.

बाबा घरी येऊन हसले. "आपला सा गळ्यासंगं चालते, पोरी. ज्याचा गळा त्याचा सा. या गोऱ्या लोकायचं अक्षर जाग्यावरून हालत नाही."

बाबांची एक रीत होती. नवीन माणूस गायला बसलं की त्याला आधी नुसतं 'आ' करायला लावायचे, त्याचा सा हुडकायचे आणि त्या पट्टीवर हळदीचं बोट टेकवायचे. माय त्यांच्या पेटीवर भजन म्हणायची; तिचा सा मडमेच्या पहिल्या अक्षरावर निघाला. ती चिठ्ठी पिवळी झाली.

पुढं माय तापानं तीन दिवसांत गेली. तेरावं झालं आणि बाबांनी मला पेटीपुढं बसवलं. माझा सा त्यांनी हुडकलाच नाही. सरळ मायच्या पिवळ्या चिठ्ठीवर बोट ठेवलं आणि म्हणाले, "म्हण."

माझा गळा बाबांसारखा जाड. त्या उंच पट्टीला पोचता पोचता आवाज फाटायचा, घशात रक्ताची चव यायची. बाबा डोळे मिटून बसायचे. ते मला ऐकतच नव्हते, हे मला पहिल्याच दिवशी कळलं. कधी एखादा सूर बरोब्बर लागायचा आणि तो माझा नसायचा, मायचा असायचा. मागं कोणी उभं आहे असं वाटायचं, पण वळून पाहायची माझी छाती नव्हती. मेलेल्या मायचा मला राग यायचा. सांगायला लाज वाटते, पण यायचा.

एका सकाळी माझा आवाज फुटेचना. वैद्य म्हणाले, असंच चाललं तर पोरीचा गळा कायमचा जाईल. महिनाभरानं आवाज परत आला. त्या दिवशी बाबा मळ्यात होते. मी एकटीनंच 'आ' केलं, पट्ट्या दाबत दाबत खाली आले आणि जिथं गळा जुळला तिथं हळदीचं बोट टेकवलं.

ते आल्यावर म्हटलं, "बाबा, माहा सा इथं हाये. त्याच्यावर वाजवा."

त्यांनी वाजवलं. मायचंच भजन मी माझ्या गळ्यानं म्हटलं, आणि बाबांनी डोळे उघडे ठेवून ऐकलं. अर्ध्यात भात्यावरचा हात थांबला.

"हे तर तू हायेस," ते म्हणाले. मग मोर्णेच्या काठावर चितेपुढं रडले नव्हते तसे रडले. "दोन वर्षं तुही माय घरात होती. आज गेली."

पुन्हा त्यांनी मला कधी गायला सांगितलं नाही. माझा गळा मात्र वाचला. पेटी आता माझ्याकडं अमरावतीला आहे. रोज पुसते, पण मायच्या पिवळ्या चिठ्ठीची पट्टी दाबत नाही. दाबली आणि त्यात माय नसून नुसतं अक्षरच वाजलं, तर काय करायचं?