एका चुलीची एक टोपी

बासिलिया माझी शेजारीण. तिच्याबद्दल दुसरं कुणी लिहील असं वाटत नाही, म्हणून मीच जमेल तसं लिहितो.

आमच्या वायरापाता गावात शाळेच्या पालकसभेत मत टोपीने देतात. पटांगणात दोर टाकतात. ठराव हवा असेल त्याने टोपी दोराच्या वर, टेकडीच्या बाजूला ठेवायची. नको असेल त्याने खाली, ओढ्याच्या बाजूला. एका चुलीची एकच टोपी, आणि तीही घरधन्याची. बायकाही टोप्या घालतात, पण त्या मोजत नाहीत. शिक्षकांना बोलता येतं, टोपी ठेवता येत नाही.

बासिलियाचा नवरा सेवेरो खाणीत गेला तो वर्षानुवर्षं फिरकला नाही. त्याची करडी टोपी खुंटीवर राहिली. ती बाहीने पुसून बासिलिया सभेला आणायची. शाळेचं छप्पर, मुलांची न्याहारी, सगळ्याला त्या टोपीने मत दिलं. बायका चिडवायच्या, "काय गं, सेवेरोचं काय म्हणणं आज?"

"माझंच म्हणणं. लांब राहून शहाणा झालाय तो."

मग सहावीची खोली दूध केंद्राला द्यायचा ठराव आला. मोठ्या मुलांनी घाटाखालच्या शाळेत जायचं. मुलगे कसेबसे गेले असते. मुलींना तेवढ्या लांब कुणी धाडलं नसतं. बासिलियाची रुफिना पाचवीत होती. तिला मोठेपणी शाळेतल्या निल्दाबाईंसारखं शिक्षिका व्हायचं होतं.

सभेच्या थोडे दिवस आधी सेवेरो परतला, खोकत आणि रिकाम्या हाताने. सभेचा अध्यक्ष लिबोरिओ याने त्याला केंद्रावर काम कबूल केलं.

सभेत निल्दाबाई बोलल्या आणि बोलता बोलता आपली टोपी दोराखाली ठेवून बसल्या.

"बाई, टोपी उचला," लिबोरिओ म्हणाला. "शिकवायचं तुम्ही, ठरवायचं आम्ही."

"शिकवू कुठे? गोठ्यात?"

काहीजण हसले. बाईंनी टोपी उचलली.

करडी टोपी त्या दिवशी सेवेरोच्या डोक्यावर होती. बासिलियाने त्याची बाही धरली. "रुफिना तुझीच ना रे?"

"माझीच आहे, म्हणून तर. घरात चार दाणे आले तर तीच खाईल ना?" त्याने टोपी दोराच्या वर ठेवली.

बासिलियाने स्वतःच्या डोक्यावरची टोपी काढून दोराखाली ठेवली.

"वहिनी, एका चुलीची एकच टोपी," लिबोरिओ म्हणाला.

"आणि इतकी वर्षं चूल कोण पेटवत होतं, भावजी?"

लिबोरिओने टोपी उचलून तिच्या हातात दिली. ठराव एका टोपीने मंजूर झाला.

सेवेरोने पुढच्या पेरणीपर्यंत केंद्रावर काम केलं. मग खोकल्यानेच गेला. त्याची टोपी त्याच्याबरोबर पुरली.

आमच्यात विधवेची टोपी मोजतात. पुढच्या सभेला बासिलिया आली आणि तिने या वेळी हक्काने स्वतःची टोपी दोराशी नेली. लिबोरिओ जवळ येऊन हळूच म्हणाला, "वहिनी, तुमचं मूल आता शाळेत नाही."

"हो की," ती म्हणाली. "विसरलेच मी."

टोपी डोक्यावर ठेवून ती सहावीच्या खोलीकडे गेली. रुफिना तिथे दुधाचे कॅन धूत होती. बासिलियाने बाह्या वर केल्या आणि दुसरा कॅन ओढून घेतला.